बिघा, एकर, हेक्टर : आपल्या भूमीच्या मापांचा इतिहास आणि आपले कर्तव्य



मनुष्य धान्य मोजतो ते विकण्याकरिता, कापड मोजतो ते नेसण्याकरिता. परंतु जमीन मोजतो ती बहुधा वाटण्याकरिता, अथवा तिच्यावर सारा बसविण्याकरिता. यास्तव जमिनीच्या मापाशी भाऊबंदकी आणि राजसत्ता या दोहोंचा संबंध प्राचीन काळापासून जडलेला आहे. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घराण्यांचे मूळ कोठे ना कोठे गावच्या शिवारात आहे. आज कोणी मुंबईत नोकरी करीत असेल, कोणी पुण्यात धंदा करीत असेल, कोणी बडोदे-इंदूरकडे तीन पिढ्यांपूर्वी स्थायिक झालेला असेल. तथापि सातबाराच्या उताऱ्यावर आजोबांचे अथवा पणजोबांचे नाव निघाले की त्याचे काळीज हलल्यावाचून राहत नाही. अशा वेळी उताऱ्यावरील आकडा वाचता येणे ही केवळ तलाठ्याची विद्या राहत नाही. ती घरातील प्रत्येकाची गरज होते.

आम्ही हा विषय निवडला त्याचे कारण असे की, कागदावरचे माप एक आणि घरातील बोलण्यातले माप दुसरे, अशी स्थिती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कागद हेक्टर-आरमध्ये बोलतो, वडील एकर-गुंठ्यात बोलतात, आणि आजीच्या तोंडी अद्याप बिघा असतो. या तिन्हींचा मेळ ज्यास घालता येत नाही, त्याची फसवणूक होण्यास फसविणारा मनुष्यही लागत नाही. त्याचा स्वतःचा समजच त्यास फसवितो. म्हणून ही मापे कोठून आली, कशी रुजली आणि आज त्यांचा हिशेब कसा लावावा, याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ आपल्याच भूमीपासून करू. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील, ज्यांस आपण पांडवलेणी म्हणतो त्या, लेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे शिलालेख आहेत. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने तेथील भिक्षूंना दोनशे निवर्तने जमीन दिल्याचा उल्लेख त्यांत आहे. निवर्तन हे त्या काळचे क्षेत्रमाप होय. पुढे चोविसाव्या वर्षीच्या लेखात मोठी बोधप्रद हकीकत आढळते. पूर्वी भिक्षूंना दिलेले शेत कोणी कसत नाही आणि ते गावही वसलेले नाही, असे ध्यानी आल्यावर त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने देण्याची आज्ञा झाली. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीही मापाचा आकडा आणि जमिनीची खरी योग्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे राजास व दान घेणारास उमजले होते. ओसाड दोनशेपेक्षा कसती शंभर बरी, हा व्यवहार आपला कोणताही शेतकरी आजही मान्य करील.

निवर्तनाचे माप निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे सांगितलेले आहे. इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथात भास्कराचार्यांनी आरंभीच परिभाषा दिली आहे, तीत दहा हातांचा एक वंश, आणि वीस वंश लांब व वीस वंश रुंद अशा चौकोनाचे एक निवर्तन, असे सांगितले आहे. हात दीड फुटाचा धरला तर हे निवर्तन सुमारे दोन एकरांचे भरते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, हे तेथील शिलालेखावरून विदित आहे. म्हणजे क्षेत्रमापनाचे हे गणित खानदेशाच्या भूमीवर शिकविले जात होते. यातील वीस गुणिले वीस हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

शिवकालाकडे वळल्यावर तोच आकडा दुसऱ्या नावाने समोर येतो. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या मोजणीची माहिती आहे. पाच हात व पाच मुठी यांची काठी. हात चौदा तसूंचा. हात व मुठी मिळून काठीची लांबी ब्यांशी तसू. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो एक बिघा. आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. वीस चौरस काठ्यांचे एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा, असे कोष्टक महाराष्ट्रात पुढे दीर्घकाळ चालले. हा बिघा आजच्या हिशेबाने सुमारे पाऊण एकराचा होता. काठीची लांबी तसूंत बांधून देण्यातील हेतू उघड आहे. एका गावच्या पाटलाचा हात लांब आणि दुसऱ्या गावच्या पाटलाचा आखूड असेल, तर साऱ्यात न्याय राहणार नाही. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीचे खरे महत्त्व या एकसारखेपणात होते.

मोजण्याचे साधनही मापाइतकेच महत्त्वाचे असते, याचे एक उदाहरण उत्तरेकडील आहे. अकबर बादशहाच्या राज्यात पूर्वी दोरीने जमीन मोजीत. दोरी दवाने भिजली की आखडे आणि कोरडी झाली की सैल पडे. आखडलेल्या दोरीने तेच शेत अधिक बिघ्यांचे भरे आणि रयतेवर सारा अधिक चढे. अखेरीस दोरी काढून टाकून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब चालू करण्यात आली. साठ गज लांब व साठ गज रुंद, म्हणजे छत्तीसशे चौरस गजांचा तेथील बिघा ठरला. येथे एक गोष्ट लक्षात येईल. नाव ‘बिघा’ एकच. परंतु महाराष्ट्राचा निराळा, बादशाही निराळा, आणि बंगालचा तर केवळ १६०० चौरस यार्डांचा, म्हणजे एकराच्या एक-तृतीयांशाहून किंचित लहान. ग्वाल्हेर-इंदूर अथवा गुजरातेत राहणाऱ्या आपल्या बांधवांनी बिघ्याचा व्यवहार करताना ‘कोणता बिघा?’ हा प्रश्न प्रथम विचारावा, तो यासाठीच.

याखेरीज लोकांच्या तोंडी अशीही मापे होती की ज्यांत लांबी-रुंदीचा प्रश्नच नव्हता. ‘दोन आउतांची जमीन’ म्हटले की दोन औतांनी वाहण्याजोगी जमीन असा अर्थ होई. कोकणात व गोमंतकात भाताचे शेत खंडीवर अथवा त्यात लागणाऱ्या बियाण्यावर सांगण्याची रीत होती. या मापांस अडाणी म्हणून हिणविणे योग्य नव्हे. माळाची दहा बिघे आणि नदीकाठची दहा बिघे सारखी नाहीत, हे सत्य त्या मापांतच सामावलेले होते. उणीव एवढीच की, ती मापे गावाबाहेरच्या मनुष्यास पडताळून पाहता येत नसत. आणि तंटा उभा राहिला की पडताळा हाच एक आधार असतो.

पेशवाई अस्तास गेल्यावर इंग्रजी अंमलात दख्खनची पहिली मोठी पाहणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास केली. ती मोजणीतील चुकांमुळे व भारी आकारणीमुळे फसली आणि रयत हवालदिल झाली. नंतर १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले आणि त्यातून मुंबई इलाख्याची मोजणीपद्धती सिद्ध झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम एकत्र केले गेले. एका बैलजोडीला वाहता येईल एवढ्या अंदाजाने सर्व्हे नंबर पाडणे, बांध व दगड यांनी हद्दी कायम करणे, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत जमिनीची प्रत लावणे आणि तीस वर्षांकरिता सारा ठरविणे, ही त्या पद्धतीची मुख्य अंगे होत. आज आपल्या उताऱ्यावर दिसणारा ‘पोटखराबा’ हा शब्दही त्याच दप्तराचा वारसा आहे.

या मोजणीने एकर आणि गुंठा आणला. इंग्लंडात एडमंड गंटर याने १६२० मध्ये सहासष्ट फुटांची साखळी प्रचारात आणली होती; तिच्या दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. मुंबई इलाख्यात तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे तेहेतीस फुटांची साखळी घेतली आणि तिचे सोळा आणे पाडले. ही साखळी चौरस केली की १०८९ चौरस फूट होतात. तोच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपयाचे सोळा आणे ज्यास ठाऊक होते, त्यास गुंठ्याचे सोळा आणे समजण्यास वेळ लागला नाही. परकीय मापास देशी हिशेबाचा साज चढविला गेला आणि म्हणूनच ते रुजले. शिवाय एकर हे मुळात इंग्लंडच्या शेतकऱ्याचेही बैलांचेच माप होते; एका दिवसात बैलजोडी नांगरील तेवढी जमीन, हा त्याचा आदिम अर्थ. आपले आउत आणि त्यांचा एकर हे एकाच जातीचे शब्द आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येणेप्रमाणे शंभर-सव्वाशे वर्षांत गुंठा इतका आपला झाला की तो एके काळी नवा होता याचाच विसर पडला. आणि त्याच सुमारास तिसरे माप आले. फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटरच्या पायावर मापे बांधली गेली. त्यात जमिनीकरिता दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटरांचा ‘आर’ ठरला. शंभर आर म्हणजे हेक्टर. आपल्या देशात १९५६ साली वजने व मापे यांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला, आणि १९६२ पर्यंत मेट्रिक पद्धती सार्वत्रिक करण्याचे ठरले. जमिनीच्या दप्तरातही क्रमाक्रमाने हेक्टर-आर आले. आण्याचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, शेराचा किलो झाला आणि लोकांनी ते पाच-दहा वर्षांत पचविले. गुंठा मात्र गेला नाही. त्याचा पुरावा खुद्द सरकारी कायद्यात आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २००१ साली जो कायदा केला, त्याच्या नावातच ‘गुंठेवारी’ हा शब्द आहे. मेट्रिक मापे स्वीकारून चाळीस वर्षे लोटल्यावरही!

गुंठा टिकला याचे एक कारण असे की, तो आणि आर यांच्यात विलक्षण साम्य आहे. तेहेतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सुमारे पावणेसहा सेंटिमीटर. साखळीची बाजू जेमतेम तीन बोटे अधिक. म्हणून गुंठा हा १०१.१७ चौरस मीटर आणि आर हा १०० चौरस मीटर. डोळ्यास हा फरक दिसत नाही, आणि हीच गोष्ट घातक ठरते. दोन मापे अगदी भिन्न असती तर लोक सावध राहिले असते. ती जवळजवळ सारखी असल्यामुळे एकास दुसरे समजण्याची सवय जडते. या सवयीतून उद्भवणारे चार घोटाळे आम्ही येथे क्रमाने मांडतो.

पहिला घोटाळा ‘चाळीस आर म्हणजे एकर’ हा. एकर म्हणजे ४० आर ४७ चौरस मीटर. चाळीस आर घेऊन जो एकराचे पैसे मोजतो, तो सुमारे पाचशे चौरस फूट जमीन सोडून देतो. माळरानावर ही एका गोठ्याची जागा झाली; परंतु शहराच्या वेशीवर तेवढ्या जागेत घर उभे राहते.

दुसरा घोटाळा ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ हा. खरा हिशेब २ एकर व सुमारे १९ गुंठे असा आहे. एका हेक्टरास फरक गुंठा-सव्वा गुंठ्याचा. पण दहा हेक्टरांच्या सामाईक क्षेत्राची तोंडी वाटणी केली तर साडेअकरा गुंठे हवेत विरतात आणि ‘माझे कोणी खाल्ले?’ हा प्रश्न उरतो. तसेच पाच एकर म्हणजे दोन हेक्टर असे समजणारा अडचणीत येतो. कृषिगणनेच्या वर्गवारीत एक हेक्टरपर्यंत अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टर अल्पभूधारक गणला जातो. आणि नेमके पाच एकर म्हणजे २ हेक्टर २ आर ३४ चौरस मीटर भरतात!

तिसरा घोटाळा टिंबाचा, आणि तो सर्वांत दुष्ट होय. जुन्या कागदावर ४-२० असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ ४ एकर २० गुंठे, म्हणजे साडेचार एकर. हाच आकडा शाळेतील दशांश अपूर्णांकाप्रमाणे ४.२० असा वाचला तर तो ४ एकर ८ गुंठ्यांवर येतो आणि बारा गुंठे नाहीसे होतात. नव्या कागदावर १.०५ म्हणजे एक हेक्टर पाच आर. तो शून्य बोलण्यात गळला आणि ‘एक पॉइंट पाच’ म्हणून दीड हेक्टर समजला गेला, तर पंचेचाळीस आर, म्हणजे एकराहून अधिक जमीन, कागदावर नसताना मनात निर्माण होते. पुढे ती प्रत्यक्षात सापडत नाही, तेव्हा शेजारच्या बांधावर संशय जातो.

चौथा घोटाळा नव्या वसाहतींतील. ‘हजार फुटांचा गुंठा’ हा शब्दप्रयोग शहरालगत सर्रास ऐकू येतो. गुंठा १०८९ चौरस फुटांचा आहे. भावाची घासाघीस करण्यापूर्वी हे एकोणनव्वद फूट मागून घ्यावेत.

आता हे घोटाळे घरात कसे शिरतात ते एका उदाहरणाने पाहू. समजा, वडिलांच्या नावे जुन्या उताऱ्यावर ४ एकर २० गुंठे होते. नव्या उताऱ्यावर तेच क्षेत्र १ हेक्टर ८२ आर ११ चौरस मीटर असे आले. गावी राहून शेती सांभाळणारा थोरला भाऊ आणि मुंबईस राहणारा धाकटा, असे दोन वारस. धाकटा कित्येक वर्षांनी उतारा काढतो, त्यास साडेचारच्या जागी एक पूर्णांक ब्यांशी दिसते, आणि ‘दादांनी निम्म्याहून अधिक परस्पर विकली’ असे त्याच्या मनात येते. दादा अक्षरशत्रू नसले तरी आकड्याचा खुलासा त्यांनाही करता येत नाही, ते रागावतात. बोलणे बंद होते, लग्नकार्यास जाणे बंद होते, वकील होतो. वस्तुतः जमीन एक तसूही हललेली नाही. प्रत्येकाचे अर्धे ९१ आर ५ चौरस मीटर आणि वर थोडे, म्हणजे बरोबर सव्वादोन एकर, जेथल्या तेथे आहे. मोडले ते केवळ नाते. अशा रीतीने दुरावलेली घरे प्रत्येक वाचकाच्या पाहण्यात असतील. म्हणून नावे घेण्याचे प्रयोजन नाही.

यात भगिनींचा भाग विशेष आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाच्या संसदेने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात सुधारणा करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. परंतु हक्क मिळाला म्हणून आकडा वाचता येतो असे नव्हे. ‘सही कर, तुझ्या वाट्याला येऊन येऊन किती येणार?’ असे म्हटले गेले असता, ‘किती येते ते आर आणि गुंठे दोहोंत मांडून दाखव, मग सही करीन’ असे उत्तर देण्याइतके ज्ञान प्रत्येक मुलीस असले पाहिजे. सोडून देणे असेल तर तेही मोजून सोडावे. न मोजता दिलेले दान पुढे दोन्ही घरांत सल होऊन राहते.

हिशेबाची रीत अवघड नाही. जुने क्षेत्र असेल तर प्रथम एकरांचे गुंठे करावेत. चाळिसाने गुणून वरचे गुंठे मिळवावेत. मग शंभर गुंठ्यांस एकशे एक आर व सतरा चौरस मीटर या प्रमाणाने आर काढावेत. उलट जायचे असल्यास आरच्या आकड्यास ०.९८८४ ने गुणावे, म्हणजे गुंठे येतात. बेरीज करताना एकर-गुंठ्यांत चाळिसाला हातचा येतो आणि हेक्टर-आरमध्ये शंभराला, हे विसरू नये. एक एकर पंचवीस गुंठे आणि एक एकर पंचवीस गुंठे मिळून तीन एकर दहा गुंठे होतात, दोन एकर पन्नास नव्हे.

आमची ज्ञातिबांधवांस नम्र सूचना अशी आहे की, प्रत्येक घराने आपल्या जमिनीचा एक कागद तयार करावा. त्यावर गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, जुने क्षेत्र एकर-गुंठ्यात आणि चालू क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, शेजारीशेजारी लिहून ठेवावे. पोटखराबा निराळा दाखवावा. उताऱ्यावर क्षेत्राचे एकक छापलेले असते, ते प्रथम पाहावे आणि मग आकडा वाचावा. दिवाळीस अथवा गावच्या जत्रेस सर्व भावंडे जमतात, त्या वेळी वडीलधाऱ्यांनी तो कागद मुलामुलींसमोर वाचून दाखवावा आणि जमल्यास बांधावरून एक फेरी मारून आणावी. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवासारखे उपक्रम आपण करतोच. त्याच्या जोडीस एक दुपार उतारा-वाचनाकरिता दिल्यास आपल्या ज्ञातीतील कित्येक दावे कचेरीची पायरी चढण्यापूर्वीच मिटतील, अशी आमची श्रद्धा आहे.

आज मोजणी करणारे उपग्रहाच्या साहाय्याने चालणारी यंत्रे घेऊन शेतात उभे राहतात. दोरी गेली, काठी गेली, साखळी गेली. मापे अधिकाधिक अचूक होत गेली. परंतु यंत्राने काढलेला आकडा मालकास उमगत नसेल, तर तो मालक दवाने भिजलेल्या दोरीच्या काळातच उभा आहे. निवर्तन, बिघा, एकर, हेक्टर ही सारी मापे आपल्या भूमीवर एकेकदा नवखी म्हणून आली आणि लोकांनी त्यांचा हिशेब शिकून घेतल्यावर आपली झाली. हेक्टर-आरही तसेच आपले करून घेणे आपल्याच हाती आहे. पूर्वजांनी राखलेली जमीन थोडी असो वा फार, ती नेमकी किती हे घरातल्या लहानथोर सर्वांस सारखेच ठाऊक असावे, एवढीच प्रार्थना करून हा लेख ज्ञातिबांधवांच्या सेवेसी सादर करतो. इत्यलम्‌.